निन्या आली की निघायचं

ओदिली किरोसला काळजी करायला कारण लागत नसे. आभाळ भरून आलं तर ओढ्याला पूर येईल ही काळजी, आणि निरभ्र असलं तर 'इतकं निरभ्र काही बरं नव्हे' ही काळजी. तिची थोरली बहीण एलिएत सकाळी गुळाचं गरम पाणी तिच्यापुढं ठेवताना म्हणायची, "पी ग आधी. काळजी कुठं पळून जात नाही. तू पोचायच्या आत ती शाळेत जाऊन बसलेली असते." ओदिलीला यात विनोद दिसत नसे. तिला ते खरंच वाटायचं.

गावात तिला नावानं हाक मारणारी ही बहीण एकटीच. बाकी सगळ्यांची ती निन्या. निन्या म्हणजे मुलगी, पोर. पण आमच्याकडं शाळेतल्या बाईंनाही निन्याच म्हणतात, मग ती बाई विशीतली असो नाहीतर नातवंडांची आजी. खाटीक मांस तोलताना म्हणतो, "घ्या निन्या, आज हाड कमी घातलंय." चर्चचे फादर कबुलीच्या जाळीमागून म्हणतात, "बोला निन्या, आता कसली काळजी?" खाटीक आणि फादर दोघंही तिच्याच हाताखाली अक्षरं गिरवून मोठे झालेले. तिचं लग्न एकदा ठरत आलं होतं. पण नवरामुलगा लिमोन बंदरात नोकरीला होता, आणि आपण तिकडं गेलो तर पहिलीच्या पोरांचं वर्ष अर्ध्यावर कोण सांभाळणार, याची काळजी करण्यात तिनं इतके महिने घालवले, की त्यानं तिकडंच दुसरी बघितली. तिला वाईट वाटलं, पण पोरांचं वर्ष पार पडलं.

शाळा खासगी. डोन्या अमाबिलिया नावाच्या विधवेनं ती आपल्या घराच्या पडवीत काढली, पुढं मागं दोन-चार लाकडी खोल्या वाढवल्या. कॉफीच्या मळ्यातल्या मुकादमालाही झेपेल अशी फी होती. डोन्या गेली, भाच्यांनी शाळा परदेशी कंपनीला विकली, आणि फाटकावर चार इंग्रजी शब्दांची झगझगीत पाटी आली. त्यातला एकही शब्द गावाला अजून पाठ झालेला नाही. लोक पत्ता सांगतात तो 'डोन्या अमाबिलियाच्या शाळेपासून दोनशे मीटर वर' असाच. वर्गांत इंग्रजी आलं. ओदिलीचं इंग्रजी 'गुड मॉर्निंग'पाशी सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं, म्हणून पहिलीचा वर्ग येंद्री नावाच्या तरण्या पोरीला मिळाला आणि ओदिलीला फाटकावर उभं केलं. सकाळी मुलं आत घ्यायची, दुपारी ज्याचं मूल त्याच्या हातात द्यायचं. काळजी करणाऱ्या माणसाला यापेक्षा वाईट काम शोधून सापडलं नसतं.

नव्या मुख्याध्यापिका मिस हॅरिएट कॅनडाहून आलेल्या. बाई वाईट नव्हती. उलट फार भली होती, आणि भल्या माणसाशी भांडता येत नाही, हीच मोठी पंचाईत असते. पुस्तकातून शिकलेल्या स्पॅनिशमध्ये त्यांनी पहिल्याच सभेत सांगून टाकलं, "अनुभवी शिक्षिकेला 'मुलगी' म्हणणं हा तिचा अपमान आहे. यापुढं सगळ्या मिस." आपला इतकी वर्षं रोज अपमान होत होता, हे ओदिलीला त्या दिवशी कळलं. तिनं जीभ वळवायचा प्रयत्न केला, पण दुसऱ्या बाईंना हाक मारताना दोनदा घसरलीच. दुसऱ्या वेळी मिस हॅरिएटनी तिला खोलीत बोलावून अगदी हळू आवाजात सांगितलं, "मिस ओदिली, तुमचं इंग्रजी मी सांभाळून घेतलं. पण तो शब्द पुन्हा ऐकला, तर पुढच्या वर्षी तुम्हाला ठेवा असं मी वरच्यांना कुठल्या तोंडानं सांगू?" त्या दिवसापासून ओदिली फाटकावर ओठ मिटून उभी राहायची.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी मारिसेल आपल्या मुलीला घेऊन फाटकाशी आली. मारिसेल ही ओदिलीचीच जुनी विद्यार्थिनी. स्पेनला गेली, तिथं लग्न केलं, आणि नुकतीच सहा वर्षांच्या हिमेनाला घेऊन परत आली होती, नवऱ्याशिवाय. का, ते गावाला माहीत होतं आणि कुणी विचारत नव्हतं.

"निन्या, जरा बाजूला येता?" मारिसेलनं हिमेनाचा हात घट्ट धरला होता. "तो आलाय. काल तिकडं राजधानीत, सान होसेत, माझ्या भावानं बघितला त्याला. कोर्टानं सांगितलंय पोरीजवळ फिरकायचं नाही, पण तो काय कोर्टाला विचारून चालणारा आहे? एकदा विमानात बसवली पोरीला की संपलं माझं."

ओदिलीनं लगेच विचारलं, "ऑफिसात सांगितलंस का?"

"नको हो. ऑफिसात सांगितलं की दुपारपर्यंत बेकरीत चर्चा. तुम्हाला एकट्यांना सांगतेय. पोर फक्त माझ्या हातात द्या, निन्या. दुसऱ्या कुणाच्याही नाही."

"मी स्वतः देईन तुझ्या हातात. देवाशपथ."

मग ती हिमेनासमोर उकिडवी बसली. "हे बघा हिमेना, शाळा सुटली की निन्या येईल तुम्हाला घ्यायला. निन्या आली की निघायचं. दुसऱ्या कुणी बोलावलं, गोड बोललं, नाव घेऊन हाक मारली, आई आलीय म्हणून सांगितलं, तरी जायचं नाही. कळलं?"

पोरीनं आधी मागं वळून बघितलं, हे 'तुम्ही' नक्की कुणाला म्हणून. आमच्याकडं लहान पोरांना लाडानं, अगदी कुत्र्यालाही, 'अहो, बसा खाली' म्हणतात. स्पेनमध्ये तसं नसावं. मग तिनं विचारलं, "कुठली निन्या?"

मागं गाड्यांची रांग लागली होती, कुणीतरी भोंगा दाबून धरला होता. "येईल हो, दुपारी दिसेलच," असं म्हणून ओदिलीनं तिला आत पाठवलं.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि ओदिलीचं मन तर त्यात मुरलेलं. रस्त्यापलीकडं लॉटरीची तिकिटं विकणारा उभा राहिला तर तो रोजचाच का, हे बघायला ती दोनदा फाटकाबाहेर डोकावली. एक उंच माणूस कुंपणाशी बुटाची नाडी बांधत थांबला, तर ही त्याच्याकडं टक लावून उभी राहिली. तो विजेच्या मीटरची पाहणी करायला आला होता. मिस हॅरिएटना सांगून टाकावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण मारिसेलला शब्द दिला होता, आणि खोलीत जाऊन बोलायचं म्हणजे तो शब्द तोंडातून निसटणारच ही भीती. ती गेली नाही.

शाळा सुटायच्या वेळेला पाऊस आला, तो तर ऑक्टोबरात रोजच येतो. पत्र्यावर असा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मुलं वऱ्हांड्यात रांगेनं आली. पहिलीची रांग मात्र येंद्रीनं नाही, मिस क्लोई नावाच्या नव्या परदेशी मदतनीस मुलीनं आणली. ओदिलीनं रांगेवरून नजर फिरवली. पुन्हा फिरवली. हिमेना नव्हती.

"हिमेना कुठंय?" तिनं क्लोईला विचारलं. क्लोई गोड हसली आणि म्हणाली, "ओके, ओके."

ओदिलीनं वॉकीटॉकी तोंडाशी धरला. मागच्या फाटकावर ग्रेविन असायचा, दोन पोरांचा बाप, तोही तिचाच जुना विद्यार्थी. "ग्रेविन, पहिलीची निन्या तिकडं आलीय का?"

खरखर झाली. "पहिलीची निन्या ना? ती तर मघाशीच गेली. बाबा आले होते न्यायला. लाल पिकअप घेऊन." पुन्हा खरखर, आणि मग काहीच नाही.

ओदिलीनं वळून बघितलं तर फाटकाबाहेर मारिसेल छत्री घेऊन उभी, आणि वऱ्हांड्यातल्या मुलांत आपली पोर शोधत होती. आता हे सांगायचं कुणी? सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

"मारिसेल... ग्रेविन म्हणतो, बाबा घेऊन गेले."

मारिसेल ओरडली नाही. "कुठले बाबा?" असं तिनं विचारलं, जणू काही पोरीला दोन-चार बाप होते. मग छत्री तिच्या हातातून सुटली आणि ती तिथंच ओल्या पायरीवर बसली. "तुम्ही शब्द दिला होता, निन्या," एवढंच म्हणाली. ओदिलीला वाटलं, हिनं आपल्याला मारलं असतं तर बरं झालं असतं.

मिस हॅरिएट धावत आल्या. त्यांनी फाटक बंद करायला लावलं, पोलिसांना फोन केला, विमानतळावर कळवायला सांगितलं. सगळं अगदी व्यवस्थित केलं. मग ओदिलीकडं वळून म्हणाल्या, "बाप येऊ शकतो, हे तुम्हाला सकाळपासून माहीत होतं?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाही?"

ओदिली तशीच पावसात मागच्या फाटकाकडं पळाली. या वयात तिला पळताना गावानं कधी पाहिलं नव्हतं. ग्रेविन जागेवर नव्हता. तो खाली उतारावर कुणाची तरी चिखलात रुतलेली गाडी ढकलत होता.

"अहो निन्या, छत्री कुठंय तुमची?"

तिनं त्याच्या रेनकोटची कॉलर धरली. "कसा होता तो माणूस? पोर रडत होती का? कुठल्या बाजूला गेली गाडी?"

"कुठली पोर?"

"हिमेना! बाबा घेऊन गेले म्हणालास ना!"

ग्रेविन तिच्याकडं बघतच राहिला. "निन्या, मी येंद्रीचं म्हणालो. पहिलीची निन्या म्हणजे येंद्रीच ना? तिच्या आईला अचानक दवाखान्यात नेलं, म्हणून तिचे बाबा आले. पोरबीर कुणी नव्हती गाडीत." मग त्याचा चेहरा उतरला. "एरवी मी मिसच म्हणतो हो, त्यांच्यासमोर. पण तुमच्याशी बोलताना मिस काय म्हणायचं? जीभच वळत नाही."

जिवात जीव आला तो एका श्वासापुरताच. बापानं नेली नाही, तर मग पोर आहे कुठं? क्लोईनं तिला वर्गातून बाहेर पडताना पाहिलं होतं, तेवढंच. ओदिली परतली तोवर वर्ग, संडास, टेबलांखालची जागा, सगळं शोधून झालं होतं. शाळेच्या मागं ओढा वाहतो. एरवी त्यात कोंबडीही बुडायची नाही, पण आता त्याचा आवाज वरपर्यंत येत होता. कुणीतरी म्हणालं, "ओढ्याकडं बघितलं का?" आणि मारिसेल तिकडं पळत सुटली.

मिस हॅरिएट माइकवर बोलत होत्या. भोंगे साऱ्या आवारात लावलेले. "हिमेना, मिस हॅरिएट बोलतेय. तुझी आई आली आहे. मिस ओदिलीही इथं आहेत. घाबरू नकोस, बाहेर ये." गोड आवाजात, नाव घेऊन, पुन्हा पुन्हा. कुठं काही हललं नाही.

ओदिली भिंतीला टेकून ऐकत होती. गोड बोललं तरी जायचं नाही. नाव घेऊन हाक मारली तरी जायचं नाही. आई आलीय म्हणून सांगितलं तरी जायचं नाही. हे तर तिचेच सकाळचे शब्द. पोर हरवलेली नव्हती, सांगितलं तसं वागत होती. आणि मग तिला आठवलं की पोरीनं विचारलं होतं, "कुठली निन्या?" स्पेनमध्ये निन्या म्हणजे नुसती मुलगी. तिथं बाईंना कुणी निन्या म्हणत नाही. म्हणजे सकाळपासून ही पोर एका मुलीची वाट बघत बसली होती, आणि शाळेतल्या साऱ्या मुली रांगेनं फाटकाकडं निघून गेल्या होत्या, तिला घ्यायला एकही आली नव्हती.

"मला द्या तो," ओदिलीनं माइककडं हात केला.

मिस हॅरिएटनी दिला. ओदिलीनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं. माइक तिनं घाईत तोंडाशी नेला तो हनुवटीवर आपटला आणि भोंग्यातून ठक्‌कन आवाज आला.

"हिमेना, निन्या आली. निन्या आलीय तुम्हाला घ्यायला. निघा आता."

तो शब्द वऱ्हांड्यात, रस्त्यावर, वरच्या कॉफीच्या मळ्यापर्यंत गेला. फाटकाबाहेर खोळंबलेल्या पालकांनी ऐकला. कुणी हसलं नाही.

आवाराच्या टोकाला जुनी लाकडी खोली आहे. ओदिलीचा पहिलीचा वर्ग तिथंच भरायचा. आता तिथं महिनाअखेरच्या मुखवट्यांच्या मिरवणुकीचं सामान ठेवतात, आणि उघड्या दारातून मिरवणुकीतली, आत माणूस शिरून नाचवतो ती ताडमाड बाहुली दिसत असते. तिचा फुलाफुलांचा घागरा हलला. त्याखालून आधी दोन बूट आले, मग दप्तर, मग हिमेना. ती पागोळ्यांखाली येऊन उभी राहिली आणि धावत तिथं पोचलेल्या ओदिलीच्या आणि मिस हॅरिएटच्या पलीकडं बघायला लागली.

"कुठंय?"

"कोण?"

"निन्या."

"मीच," ओदिली म्हणाली.

हिमेनानं तिला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. भिजून चप्प झालेले पांढरे केस, गळ्यातला चष्मा, चिखलानं भरलेले बूट. "तू निन्या नाहीस. तू तर म्हातारी आहेस."

"अहो पण..."

"तूच सांगितलंस सकाळी. दुसऱ्या कुणाबरोबर जायचं नाही." आणि ती एक पाऊल मागं सरकली, पडवीच्या खांबाआड.

ओदिलीनं हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. तिच्याकडं काय पुरावा होता? खाटीक नव्हता, फादर नव्हते. मिस हॅरिएट शेजारी उभ्या होत्या, पण त्या या बाबतीत साक्ष देण्यातल्या नव्हत्या. जवळ जाऊन पोरीला उचलावं, तर तिनं मरणाच्या भीतीनं किंकाळी फोडली असती.

तेवढ्यात ओढ्याकडून मारिसेल आली. गुडघ्यापर्यंत चिखल, एका पायात बूट नाही. तिला खांबाआड पोर दिसलीच नाही, दिसली ती ओदिली, आणि ती गळा फाटेल अशी ओरडली, "निन्या! सापडली का हो, निन्या? निन्या, काहीतरी बोला ना!"

हिमेनानं आईकडं पाहिलं. मग म्हातारीकडं. "आई," ती खांबाआडून म्हणाली, "ही निन्या?"

मारिसेल खाली बसली ती पोरीपर्यंत पोचायच्या आधीच. "हो," ती कशीबशी म्हणाली.

"ही?"

"मी तुझ्याएवढी होते ना, तेव्हापासून हीच."

हिमेनानं थोडा विचार केला. आई समोर होती, हात पसरून बसली होती, तरी ती आईकडं धावली नाही. आधी तिनं ओदिलीचा हात धरला, कारण तसं सांगितलेलं होतं. ओदिलीनं तिला चार पावलं चालवत नेलं आणि तिचा हात मारिसेलच्या हातात ठेवला. मग मारिसेलनं पोरीला असं कवटाळलं, की दप्तरासकट दोघी चिखलात कलंडल्या.

पोलीस आले, त्यांनी विचारपूस केली, ते गेले. बाप त्या दिवशी शाळेच्या आसपास फिरकलाच नव्हता. पण तो सान होसेत होता, हे काही खोटं नव्हतं. पाऊस ओसरला तशी मारिसेल पोरीला घेऊन निघाली. ओदिली त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. मिस हॅरिएट तिथंच उभ्या होत्या, केस ओले, हातात अजून तो माइक.

फाटकातून बाहेर पडता पडता हिमेना थांबली. "उद्या पण हीच निन्या येणार ना?"

ओदिलीनं आधी रस्ता दोन्ही बाजूंनी नीट बघून घेतला. मग मिस हॅरिएटकडं पाहिलं. त्यांच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. आज झोप लागणार नाही हे तिला माहीत होतं, आणि उद्याही लागणार नाही.

"हो," ती म्हणाली. "निन्याच येईल."